बारावा कप्पा

बारा कप्पे होते. सहा-सहाच्या दोन रांगा आणि मधून चालायला वाट. प्रत्येक कप्प्याला दोन्ही अंगांनी छिद्राछिद्रांचा पांढरा पुठ्ठा, समोर काच. हेडफोन नऊ, त्यांतले दोन्ही कानांनी वाजणारे चार. मायक्रोफोन सात, त्यांतले चालणारे पाच. बाराव्या कप्प्यात हेडफोन होता, मायक्रोफोन नव्हता. त्याची वायर मुळापाशी कापलेली होती आणि दोन बोटांएवढं तांबं बाहेर आलं होतं. छताला पंखे तीन, फिरणारा एक. पुढच्या मोठ्या टेबलावर एक कॅसेटयंत्र आणि एक संगणक. माणसं तीन: साळवे बाई, इरफान तांबोळी आणि मी.

"झालं मोजून?" इरफान म्हणाला. "बाई, हिला सांभाळा. ही खुर्च्यांचे पायसुद्धा मोजील."

"माणसं चार आहेत," मी म्हणाले.

बाराव्या कप्प्यात, आमच्याकडे पाठ करून कुणीतरी बसलं होतं. करडी साडी, मानेवर सैल अंबाडा, कानांवर हेडफोन.

"ती शैला," बाई म्हणाल्या. "तिला मोजायचं नाही."

नगरचं ते अध्यापक महाविद्यालय बंद पडलं होतं. इमारत उभी होती, आवारात चिंचेखाली बकऱ्या बसत. भाषा प्रयोगशाळेची किल्ली साळवे बाईंकडे राहिली होती, कारण ती परत मागायला कुणी उरलंच नव्हतं. बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. दुपारी बारा ते दोन त्या आमच्यासारख्यांची इंग्रजी मुलाखतीची तयारी करून घेत. इरफान माझ्याच कॉलेजचा, रसायनशास्त्राचा. मला तोच घेऊन आला होता.

माझी गोष्ट साधी होती. भौतिकशास्त्रात एम. एस्सी. झाले होते. दहावीपर्यंत नेवाशाजवळच्या मराठी शाळेत शिकले, पुढची पुस्तकं इंग्रजीत वाचली, परीक्षा इंग्रजीत लिहिल्या. पण बोलायची वेळ कधी आलीच नाही. ती आली थेट मुलाखतीत. तीन मुलाखती गेल्या. तिसरीत मला व्हर्नियर कॅलिपरचं लघुतम माप विचारलं. अकरावीतलं पोरगंही सांगेल. उत्तर माझ्या डोळ्यांसमोर लिहिल्यासारखं दिसत होतं आणि तोंड उघडत नव्हतं. शेवटी एका साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाले, इट्स ओके.

घरी बाबा म्हणाले, "नसंल जमत तर नसंल जमत. कारखान्याच्या लॅबमध्ये हंगामापुरती जागा आहे. तिथं उसाचा रस तपासायला इंग्रजी लागत नाही."

ते रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं.

मग पुण्याहून बोलावणं आलं. दुसऱ्यांची मोजमापाची यंत्रं बरोबर मोजतात का, हे तपासणारी प्रयोगशाळा. तराजू, तापमापक, आवाज मोजायची यंत्रं, सगळं तिथे तपासायला येतं. अशी नोकरी असते हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक झाल्यापासून दुसरी नको होती. पहिली फेरी व्हिडिओ कॉलवर होणार होती, आणि तिला तीन आठवडे होते.

"तीन आठवड्यांत इंग्रजी येत नाही," साळवे बाई म्हणाल्या. "तोंड उघडायला येतं. चालेल?"

"चालेल."

त्यांनी मला चौथ्या कप्प्यात बसवलं आणि कॅसेट लावली. एक पुरुष प्रश्न विचारत होता आणि एक तरुण मुलगी उत्तरं देत होती. स्वच्छ, बिनघाईचा आवाज. प्रत्येक उत्तराआधी ती एक छोटा श्वास घ्यायची, पायरी उतरायच्या आधी पदर सावरावा तसा.

"ती म्हणेल ते म्हणायचं," बाई म्हणाल्या. "ती थांबल्यावर नाही, बोलत असतानाच. तिच्या पाठोपाठ, एखाद्या शब्दाच्या अंतरानं. सावलीसारखं."

"अर्थ समजून घ्यायला थांबायचं नाही?"

"अर्थ मागून येतो. तो काय पळून चाललाय."

"आणि पुढं गेले तर?"

"पुढं जायचं नाही."

"बाई, संध्याकाळची सावली माणसाच्या पुढंपण पडती," इरफान पलीकडच्या कप्प्यातून म्हणाला.

"म्हणून तर मी वर्ग दुपारी घेते," बाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या.

पहिल्या दिवशी मी धडपडत होते. ती वाक्य संपवायची तेव्हा माझं अर्धं तोंडात असायचं. पण संगणकावर प्रत्येक कप्प्याचा आवाज वेगळ्या पट्टीवर नोंदला जातो हे मला दिसलं, आणि मग माझा मार्ग सापडला. एका पट्टीवर कॅसेट, दुसऱ्या पट्टीवर मी. दोघींच्या शब्दांच्या सुरुवातींमधलं अंतर मी मोजू लागले. आधी मी तिच्या सव्वा सेकंद मागे होते, मग अर्धा सेकंद. कागदावर काढलेली रेघ रोज थोडी खाली यायची, आणि ती खाली येताना बघायला मला मनापासून आवडायचं.

"हे काय करतेस?" बाईंनी विचारलं.

"मी किती मागं आहे ते बघते."

"आणि अंतर शून्य झालं म्हणजे?"

"होणार नाही. ऐकून बोलायला मेंदूला वेळ लागतोच. कुठंतरी थांबेल."

ते ०.२४ सेकंदावर थांबलं. पुढचे चार-पाच दिवस तेवढंच आलं, इकडे ना तिकडे.

तोवर माझी जीभ सुटली होती. बाई अचानक प्रश्न विचारत आणि मी उत्तर द्यायची. कॅसेटमधलं नाही, माझं स्वतःचं. माझं गाव, माझा प्रबंध, लेझरच्या प्रयोगात आलेली चूक. शब्द रांगेत उभे असल्यासारखे येत. इरफान ऐकत बसायचा. एकदा म्हणाला, "कावेरी, एक सांगू? राग नको मानूस."

"सांग."

"तू तिच्यासारखा श्वास घेतेस."

"कोणाच्या?"

"कॅसेटवालीच्या. उत्तराच्या आधी. आत्ता 'कोणाच्या' म्हणायच्या आधीपण घेतलास."

मी हसले. हसायच्या आधी श्वास घेतल्याचं मला कळलं.

त्या रविवारी घरी फोन केला.

"आई, मी बोलतेय."

"कोण?"

"अगं, मी."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "कावेरी घरी नाही," आई म्हणाली. "ती नगरला असती शिकायला. तुम्ही कोण बोलताय?"

"आई, मीच कावेरी."

मग फोन लांब धरल्यासारखा आवाज आला, "अहो, बघा बरं कोण आहे." बाबांशी बोलले तेव्हा गावाकडची चार नावं घेतली, म्हशीचं विचारलं. तेव्हा कुठे ते म्हणाले, "हां, हां. घसा बसलाय का गं?"

दुसऱ्या दिवशी इरफानला सांगितलं. तो म्हणाला, "घरच्यांना इंग्रजीचा वास लांबून येतो. माझी अम्मी मला 'साहेब, जेवता का' विचारती." पण त्या दिवशी तो माझ्याशी बोलताना एकदोनदा मागे वळून बघत होता, बाराव्या कप्प्याकडे.

शैलाताईंबद्दल मला फार काही ठाऊक नव्हतं. आम्ही यायच्या आधी त्या आलेल्या असत. खिडक्या उघडत, कप्पे पुसत, माठात पाणी भरत. मी मान डोलावली की त्या डोलावत. बारा वाजले की आपल्या कप्प्यात जाऊन हेडफोन लावत, आणि मग दोन तास मला त्यांची मान तेवढी दिसे. त्यांना बोलता येत नसावं, असं मी धरून चालले होते.

"बाई," एक दिवस मी विचारलं, "कॅसेटवरची मुलगी कोण?"

बाईंनी हनुवटीनं बाराव्या कप्प्याकडे खूण केली.

मला वाटलं मी खूण चुकीची वाचली.

"माझी विद्यार्थिनी," बाई म्हणाल्या. त्या आवाज खाली आणत नव्हत्या. शैलाताईंच्या कानांवर हेडफोन होते. "असा आवाज मला पुन्हा मिळाला नाही. म्हणून नमुन्याच्या कॅसेटी तिच्याच केल्या. मग पुण्याला तिची मुलाखत आली. एक्क्याण्णव साली. मी सोबत गेले होते. बाहेर बाकावर बसले होते, दार नीट लागत नव्हतं, सगळं ऐकू येत होतं. धडाधड उत्तरं देत होती. मी मनात म्हटलं, झालं हिचं. मग कुणीतरी असा प्रश्न विचारला, जो आपल्या कॅसेटवर नव्हता."

"कोणता?"

"तो मी कुणाला सांगत नाही. सांगितला की तुम्ही तयारी करणार. त्याची तयारी करता येत नाही, असं माझं मत आहे."

"मग?"

"मग काही नाही. ती गप्प राहिली. परतीच्या एसटीतही गप्प. मला वाटलं, रडून मोकळी होईल. घरी गेली, जेवली, झोपली, दुसऱ्या दिवशी इथं आली आणि कात्रीनं ती वायर कापली."

"त्यानंतर बोलल्याच नाहीत? मराठीतसुद्धा?"

"देवाचं नावसुद्धा नाही. डॉक्टर म्हणतात, घशात दोष नाही." बाईंनी कॅसेटयंत्राचं झाकण रुमालानं पुसलं. "तुला दुसरी कॅसेट हवी असेल तर माझ्याकडे नाही. हीच आहे."

त्या दिवशी मी खोलीवर लवकर गेले. कॅसेट सोडून द्यावी का, याचा विचार केला. सोडली असती तर तोंड पुन्हा बंद होणार होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. दुसरा आवाज माझ्याकडे नव्हता. दुसऱ्या दिवशी बाराला मी चौथ्या कप्प्यात होते.

मुलाखत दुपारी एकला होती. गावात नेट चालत नव्हतं आणि खोलीवर घरमालकांची मुलं नाचत, म्हणून ती प्रयोगशाळेतूनच द्यायची ठरलं. इरफाननं आपला लॅपटॉप माझ्या कप्प्यात मांडला. त्याचा आवाज मोठ्या टेबलावरच्या यंत्रालाही जोडला, म्हणजे बाईंना ऐकता येईल आणि संगणकावर नोंदही होईल. नंतर मी कुठे अडखळले ते मला बघायचं होतं.

"टकटक करतो," तो म्हणाला आणि माझ्या टेबलावर पेननं तीनदा जोरात ठोकलं. "आला आवाज. बाई, तुमच्या कानाला येतंय ना?"

"येतंय. आता तू तोंड मिटून बस."

तो मागे, वाटेत स्टूल टाकून बसला. शैलाताई आपल्या जागी होत्या. त्यांचा हेडफोन त्याच यंत्राला जोडलेला होता, त्यामुळे पुण्याचं बोलणं त्यांनाही ऐकू जाणार होतं. तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पडद्यावर तिघं आले. दोन पुरुष, एक स्त्री. टेल अस अबाउट युवरसेल्फ. मी छोटा श्वास घेतला आणि बोलू लागले. गाव सांगितलं, शाळा सांगितली. लघुतम माप विचारलं तेव्हा मला जवळजवळ हसूच आलं. मोजमापातली अनिश्चितता म्हणजे काय, यावर मी फळ्यापुढे उभं राहिल्यासारखी बोलले. एक साहेब मान डोलावत होते. दुसऱ्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि कागद गोळा केले. संपत आलं होतं.

तेव्हा त्या स्त्रीनं चष्मा काढला. तोवर तिनं एकही प्रश्न विचारला नव्हता. तिनं इंग्रजीत विचारलं, "आणि आम्ही तुम्हाला घेतलं नाही, तर तुम्ही काय कराल?"

माझ्या मागे स्टीलचा पेला लादीवर पडला. बाईंच्या हातातला होता.

मला उत्तर दिसेना. आधीची सगळी उत्तरं कशी लिहिल्यासारखी दिसली होती. आता तिथे काहीच नव्हतं. पंख्याचा आवाज येत होता, लादीवर पेला घरंगळत होता. मला कारखान्याची चिमणी आठवली आणि जीभ टाळूला जाऊन चिकटली, पूर्वीसारखी.

आणि मग, अंधाऱ्या वाटेवर न बघताही पुढे कुणी चालत असल्याचं कळतं, तसं मला कळलं. कानात काही ऐकू आलं असं मी म्हणणार नाही. पण माझं तोंड उघडलं, आणि तीन आठवडे जे शिकलं होतं ते करू लागलं.

मी म्हणाले: मी रोज त्याच जागी येईन. खिडक्या उघडीन. यंत्रं पुसून ठेवीन. दुसरं कुणी शिकायला आलं तर त्याला नीट ऐकू येईल असं बघेन. मी कुणाला सांगणार नाही की मला जमलं नाही. मी ऐकत बसेन. मला वाट बघता येते. वर्षं गेली तरी बघता येते. कधीतरी हाच प्रश्न पुन्हा विचारला जाईल, आणि तेव्हा मी इथे असेन.

सगळं इंग्रजीत. एकही शब्द मी निवडलेला नव्हता.

त्या स्त्रीनं चष्मा परत घातला. "आमच्या कामाला एवढा धीर पुरेल," ती म्हणाली. पुरुष हसले, आभार मानले, आणि पडदा काळा झाला.

मी वळले. इरफान काहीतरी थट्टा करील असं वाटलं होतं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. बाई उभ्या होत्या, एक हात टेबलावर टेकून.

"हाच," त्या म्हणाल्या.

"काय हाच?"

"प्रश्न. शब्दसुद्धा हेच होते."

बाराव्या कप्प्यात शैलाताईंनी हेडफोन काढला आणि खुंटीला अडकवला. एकेक करून सगळ्या खिडक्या लावल्या. दोन वाजायला अजून वेळ होता, आणि आमच्या आधी त्या कधीच निघत नसत. माझ्याजवळून जाताना त्यांनी मान डोलावली, रोजच्यासारखी.

नोकरी मिळाली. पुण्याला आल्यावर महिन्याभरानं बाईंना फोन केला.

"शैला बोलते आता," त्या म्हणाल्या. "काल भाजीवाल्याशी भांडली. वांगी किडकी दिली म्हणून. अर्धी गल्ली गोळा झाली."

मला खूप बरं वाटलं. तसं मी म्हणालेही.

"हो, बरंच झालं," बाई म्हणाल्या. "फक्त बोलण्याची ढब तुमच्या नेवाशाकडची आलीय. तिकडं तिचं कुणी नाही. कुठून उचलली कोण जाणे." मग म्हणाल्या, "तू बरी आहेस ना? तुझा आवाज ऐकला आणि मला क्षणभर एक्क्याण्णव साल वाटलं."

याला आठ वर्षं झाली. मी अजून तिथेच आहे. आवाज मोजणारी यंत्रं माझ्याकडे तपासायला येतात. घरी फोन केला की आई अजून आधी "कोण?" असं विचारते. मी नाव सांगते, मग म्हशीचं विचारते, मग आम्ही बोलतो.

बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. गेल्या महिन्यात इरफानचा फोन आला. तो नगरलाच असतो, एमआयडीसीत.

"कॉलेजची इमारत पाडतायत," तो म्हणाला. "परवा जाऊन तो संगणक उचलून आणला. भंगारातच चालला होता. तुझी मुलाखत आहे त्यात. पाठवू?"

"नको. मला माझा आवाज ऐकायला आवडत नाही."

"तुझ्या आवाजासाठी नाही म्हणत मी." तो म्हणाला. "त्या दिवशी मी तुझ्याकडं बघत नव्हतो, कावेरी. तिच्याकडं बघत होतो. तुला तो प्रश्न विचारला ना, तेव्हापासून समोरच्या काचेत तिचे ओठ हलताना दिसत होते."

"आवाज?"

"आवाज नाही. मी तीन हातांवर होतो. नुसते ओठ."

"माझ्या पाठोपाठ म्हणत असतील. एवढी वर्षं हे सावलीसारखं म्हणणंच ऐकत होत्या."

"मी पण तेच म्हटलं स्वतःला. आठ वर्षं म्हणतोय." पलीकडे त्यानं खुर्ची सरकवली. "आता फाइल उघडली तर बाराव्या पट्टीवर काहीतरी आहे."

"बाराव्या कप्प्याला मायक्रोफोन नव्हता."

"नव्हताच. मी काल जाऊन बघितलं. वायर अजून कापलेलीच आहे, तांब्यावर हिरवा गंज चढलाय."

"मग त्या माझ्या मागं होत्या का पुढं?"

"तेवढं कोण मोजतं गं?" तो म्हणाला. "तू मोज."

फाइल मी कामावर, दुपारी, आमच्या शांत खोलीत उघडली. चौथ्या पट्टीवर इरफानचे पेनचे तीन ठोके आहेत, पंखा आहे, पडलेला पेला आहे, मी आहे. बाराव्या पट्टीवर ठोके नाहीत, पंखा नाही, पेला नाही. सुरुवातीपासून एक सपाट रेघ आहे. प्रश्नानंतर तिच्यावर एक छोटा श्वास आहे, आणि मग एका तरुण मुलीचा स्वच्छ, बिनघाईचा आवाज. माझ्या त्या उत्तरापुरताच. नंतर पुन्हा रेघ.

दोन्ही पट्ट्या एकाच यंत्रावर, एकाच वेळी नोंदलेल्या आहेत, त्यामुळे जुळवाजुळवीत चूक शिरायला जागा नाही. उत्तरातल्या प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला मी दोन्हीकडे खूण केली. एकदा मी मोजलं. दुसऱ्यांदा एका सहकाऱ्याकडून मोजून घेतलं, त्याला काही न सांगता. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं.

बाराव्या पट्टीवरचा आवाज आधी, माझा नंतर. सरासरी अंतर ०.२४ सेकंद.